‘सोपं काहीतरी सांगा’ असं तुम्ही विचारलंत म्हणून

“आईचे हात आखडलेत हो. लोकरीचं काहीतरी सोपं सांगा ना तिला, तेवढाच वेळ जाईल.” मी म्हाताऱ्या माणसांना लोकरीचं विणकाम शिकवते, म्हणून लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, भाजी घेताना, परभणीत कुणी ना कुणी मला हे विचारतंच. विचारणारी लेक असते नाहीतर सून, आणि ती काळजीपोटीच विचारते हे मला कळतं. तरी माझ्याकडून तुटक उत्तर जातं. ते का, हे आता सविस्तरच सांगते.

तुमच्या आईनं जन्मभर काय केलंय ते आठवा. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटत असताना कापूस वेचला, ज्वारीच्या पेंढ्या बांधल्या, जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या. त्या बाईसमोर तुम्ही पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आणि रंगीत लोकर ठेवता नि म्हणता, “बस गोंडे करत.” तिनं ते बाजूला सारलं की माझ्याकडं येऊन सांगता, “ती काही करतच नाही.” करणार कशी? तो गोंडा कुठं लागणार आहे, हे तिला कुणी सांगितलंय का?

आता तुम्ही म्हणाल, तुम्हीही सोप्यापासूनच सुरुवात करता की. करते. पण ते सोपेपण हातासाठी असतं, बाईसाठी नाही. पहिल्यांदा बोटांवरची साखळी: सुई नाही, काही घट्ट धरायचं नाही, जाड लोकर चार बोटांतून खालवर फिरवायची आणि आधीचा फास बोटावरून पलीकडं टाकायचा. एकेक बोट वेगळं उचलावं लागतं, आणि आखडलेल्या हाताला नेमकं तेच जमत नसतं. मग क्रोशाची सुई, सहा मिलिमीटरची. तिच्या दांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवते, म्हणजे मूठ न आवळता पकड बसते. साखळी, मुका खांब म्हणजे बुटका टाका, मग खांब म्हणजे उंच टाका. दोन सुयांवरचं सुलट-उलट सगळ्यात शेवटी, कारण त्यात दोन्ही मनगटांवर भार येतो आणि टाका निसटला तर नवशिक्याला तो उचलता येत नाही. लोकर फिक्या रंगाची घ्या. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना काळ्या किंवा जांभळ्या लोकरीत टाका दिसत नाही, आणि घरचे समजतात की हात चालत नाही. अ‍ॅक्रिलिकची लोकर ताणली जाते म्हणून हाताला हलकी. सुती दोरा ताणला जात नाही, बोटं लवकर दमतात. पण मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की घामेजल्या हाताला लोकर चिकटते, तेव्हा जाड सुती दोराच बरा. परभणीत लोकर घालतंय कोण, असंही काही जण विचारतात. त्यांनी डिसेंबरातली इथली पहाट बघितलेली नसावी.

पुरुषांबद्दल तर कुणी विचारतच नाही. ज्यांनी पोळ्यासाठी दावी-कासरे वळले, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले, ते म्हातारे दुपारभर मोबाईलवर अंगठा घासत बसलेले चालतात तुम्हाला. त्यांच्या हातात लोकर दिली तर मात्र हसता.

माझ्या तुटकपणाचं खरं कारण या सगळ्यात नाही. ते माझ्या आईत आहे. आम्ही तिला बाई म्हणायचो.

2006 साली चिकनगुनियाची मोठी साथ आली. आमच्याकडं नळाचं पाणी काही दिवसांच्या अंतरानं यायचं, म्हणून घरोघर हौद आणि टाक्या भरलेल्या. आणि एडिस डास वाढतो तो अशाच साठवलेल्या पाण्यात. ताप उतरला, सांधे धरलेले ते धरलेलेच राहिले. बाईचे दोन्ही हात मनगटापासून धरले. ती लुगडं-चोळी नेसायची. चोळीची गाठ पुढं छातीखाली येते: दोन टोकं चिमटीत धरून ओढायची, एक टोक खालून वर काढायचं, आवळायचं. ती गाठ तिला बांधता येईना. वहिनी बांधून द्यायची. वहिनी समोर उभी राहून गाठ मारायची आणि बाई तेवढा वेळ मान वळवून भिंतीकडं बघायची.

मी बोटांवरची साखळी दाखवली तर म्हणाली, “मला काय लहान लेकरू समजायलीस का?” मग नातसुनेला दिवस गेले. बाळाला कुंची करायची म्हटल्यावर मात्र तिनं आपणहून सुई मागून घेतली. साखळी ढिली, खांब वाकडे. ओळ मनासारखी झाली नाही की ती उसवायची. मला वाटायचं, कशाला उसवते, राहू दे की वाकडी. मग एकदा जवळ बसून बघितलं: प्रत्येक टाका उसवताना ती दोरा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरत होती, ओढत होती, सोडत होती. गाठीला लागते ती हीच चिमूट.

थंडी सरता सरता एका सकाळी ती न्हाणीतून स्वतः गाठ मारून बाहेर आली. गाठ सैल होती. वहिनीनं बघितलं, मी बघितलं, कुणी काही बोललं नाही. बाई चुलीपाशी जाऊन बसली.

कुंची संपत आली तशी ती तासन्‌तास बसू लागली, उजेडासाठी बाहेर ओट्यावर. अंगठ्याचं मूळ सुजलं. त्यातच गल्लीतलं कुणीतरी दादाला म्हणालं, “म्हातारीला कामाला लावलंत वाटतं?” दादानं त्याच संध्याकाळी लोकर, सुई आणि अर्धवट कुंची एका फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. “लोक म्हणतील, लेक आईला पोसत नाही. आणि तो अंगठा बघ तिचा.” मी खूप बोलले. बाई एवढंच म्हणाली, “ठेव बाबा.” पावसाळा लागेपर्यंत गाठ पुन्हा वहिनीकडं गेली.

तेव्हाची मी ठासून सांगायची की लोकर हातात राहिली असती तर गाठही राहिली असती. दादाचं म्हणणं वेगळं: हे दुखणं महिनोन्‌महिने कमी-जास्त होत राहतं, विणल्यानं हात सुटला आणि सोडल्यानं आखडला, हे तू कशावरून म्हणतेस? याला माझ्याकडं उत्तर नाही. त्या थंडीत हात आपोआपही सुधारला असेल. अंगठा सुजला होता हेही खरं. पण “मी आईला आराम दिला” असं तो म्हणाला की माझा तोल जातो, कारण आराम तिनं मागितला नव्हता. आमचं यावर पटलेलं नाही, आणि पटेल असं दिसत नाही.

म्हणून विणल्यानं सांधे बरे होतात असं कुणी माझ्या नावावर सांगू नका. सांध्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, लोकरीनं भरून येत नाही. सकाळी हात आखडलेले असतात ते अर्ध्या तासात सुटत असतील तर कोमट पाण्यात हात शेकून विणायला बसायला हरकत नाही. आखडलेपण तासाच्या वर टिकत असेल, सांधे गरम आणि सुजलेले असतील, तर तो आमवात असू शकतो. आधी डॉक्टर, मग लोकर. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटात नस दाबली जात असेल. तिला क्रोशानं त्रास वाढतो. बाकीच्यांनीही पंधरा-वीस मिनिटांनी सुई खाली ठेवायची, मूठ उघडायची-मिटायची, मगच पुन्हा उचलायची. बाईला हे ऐकायला लावणं कठीण होतं, तुमच्या आईलाही असेल.

तर तुमच्या आईचं. तिच्या वतीनं विचारायला येऊ नका, तिला घेऊन या, चष्म्यासकट. हाताला काय येईना ते तिलाच सांगू द्या: ब्लाउजचं हुक, डब्याचं झाकण, पोतीचा फासा, की गोळ्यांची पट्टी फोडणं. त्यावरून काय विणायचं आणि कुणासाठी, ते मी आणि ती मिळून ठरवू. लोकर माझ्याकडं आहे. आणि तुमच्या भावाला आधीच सांगून ठेवा की आई विणणार आहे, आणि ओट्यावर बसून विणणार आहे.