सात हॉकीपटू आणि मी : कोरियन नागरिकत्वाचा माझा अनुभव

दक्षिण कोरियाच्या नागरिकत्वासाठी मी अर्ज केला तो २०२० मध्ये, परंतु ही गोष्ट माझ्यापुरती दोन वर्षे आधी, आइस हॉकीच्या एका सामन्यात सुरू होते. १५ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री प्योंगचांग ऑलिंपिकमधला यजमानांचा पहिला पुरुष सामना पाहायला मी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर गांगनुंगला गेले होते. समोर चेक प्रजासत्ताकाचा संघ होता. आठ मिनिटे व्हायच्या आत ब्रॉक रडन्स्कीच्या पासवर चो मिन-होने गोल केला आणि पुरुषांच्या ऑलिंपिक आइस हॉकीतल्या कोरियाच्या पहिल्या गोलासाठी सारे प्रेक्षागृह उभे राहिले. सामना कोरियाने २-१ असा गमावला, पण सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर त्याचे दुःख दिसत नव्हते. मी मात्र मनातल्या मनात संघाच्या यादीशी भांडत होते. पंचवीस जणांच्या त्या संघात सातजण परदेशात जन्मलेले होते, सहा कॅनडात आणि एक अमेरिकेत, आणि सातही जणांना कोरियाचे नागरिकत्व मिळालेले होते. मला तेव्हा देजॉनमध्ये राहून सहा वर्षे झाली होती, आणि मी अजून व्हिसाची मुदत वाढवून घेण्यासाठी रांगेत उभी राहत होते.

त्या सातजणांचा मार्ग वेगळा होता. कोरियाने २०१० मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती करून विज्ञान, कला, क्रीडा अशा क्षेत्रांतल्या असामान्य गुणवत्तेच्या परदेशी व्यक्तींना निवासाची अट न लावता नागरिकत्व देण्याची तरतूद केली आणि त्यांना मूळचे नागरिकत्व राखण्याचीही मुभा दिली. अट एवढीच की त्या परक्या नागरिकत्वाचे हक्क कोरियात वापरणार नाही, असे लिहून द्यायचे. ऑलिंपिकचे यजमानपद मिळाले तरी हॉकीत यजमानाला आपोआप जागा मिळण्याची पद्धत तोवर संपलेली होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ मध्ये कोरियाला जागा दिली खरी, पण संघ त्या दर्जाचा करून दाखवणे भाग होते. त्यासाठी सोलमध्ये जन्मलेले आणि कॅनडात वाढलेले जिम पेक प्रशिक्षक म्हणून आले आणि परदेशी खेळाडूंना नागरिकत्व देण्याचा वेगही वाढला. यात नवे काही नव्हते. नागानोच्या १९९८ च्या ऑलिंपिकमध्ये जपानने जपानी वंशाचे कॅनडियन खेळाडू घेतले होते आणि तुरिनला २००६ मध्ये इटलीने इटालियन वंशाचे. कोरियाच्या या सातजणांचा मात्र कोरियन वंशाशी काहीच संबंध नव्हता, आणि माझ्या रागाचे मूळ तेच होते. म्हणजे माझाही नव्हता, हे त्या वेळी मला सोयीस्करपणे आठवले नाही.

मी सर्वसाधारण मार्गाने गेले. पाच वर्षांचा सलग निवास माझ्याकडे होता, परंतु २०१८ च्या डिसेंबरपासून अर्जदाराकडे आधी स्थायी निवासाचा परवाना असणे बंधनकारक झाले आणि माझे एक वर्ष त्यात गेले. त्यानंतर कागदपत्रांचा खेळ सुरू झाला. माझा जन्म तिसऱ्या दिवशी नोंदवला गेला आणि बारसे बाराव्या दिवशी झाले, त्यामुळे जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामा होता आणि ‘स्त्री’ एवढीच माझी ओळख होती. नाव चढवून घेण्यासाठी माझ्या वडिलांना नगरपालिकेत चार फेऱ्या माराव्या लागल्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरे. ती एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःच केले. कोरियन कार्यालयाला कौटुंबिक नात्यांचे अधिकृत प्रमाणपत्र हवे होते. आपल्याकडे कुटुंबाची सरकारी यादी म्हणजे फार तर शिधापत्रिका, हे समजावताना माझे कोरियन अपुरे पडले, आणि शेवटी आईवडिलांचे आणखी एक प्रतिज्ञापत्र जोडून ते निभावले. मंत्रालयातले साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल म्हणजे परदेशात चालणारा अधिकृत शिक्का, प्रत्येक पानाचे कोरियन भाषांतर, पोलिसांचे प्रमाणपत्र आणि तीन लाख वॉनचे शुल्क असा तो जाडजूड गठ्ठा मी २०२० च्या शरद ऋतूत खिडकीवर ठेवला.

नावाचा घोळ मात्र कोणत्याही प्रतिज्ञापत्राने सुटण्यासारखा नव्हता. कोरियन लिपीत ‘ळ’ नाही. माझे आडनाव काळे. ते एका पद्धतीने लिहिले तर ‘खाल्ले’ असे वाचले जाते आणि दुसऱ्या पद्धतीने ‘खारे’, आणि कोरियात ‘खारे’ म्हणजे भातावर घेण्याची करी. मी ‘खाल्ले’ पत्करले. त्या सातजणांपैकी गोलरक्षक मॅट डाल्टनचे कोरियन नाव हाल्लासंग असल्याचे याच सुमारास वाचनात आले. हाल्ला हे आन्यांगच्या त्याच्या क्लबचे तेव्हाचे नाव आणि संग म्हणजे गड. गोलरक्षकाला याहून नेमके नाव सापडले नसते. मला क्षणभर त्याचा हेवा वाटला.

प्रयोगशाळेच्या वेळांमुळे शासनाचे भाषा आणि समाजपरिचयाचे वर्ग मला करता आले नाहीत, म्हणून मी थेट नागरिकत्वाच्या सर्वंकष परीक्षेला बसले. १०० पैकी ६० गुणांना उत्तीर्ण होता येते. मी झाले, पण निबंधाने घाम काढला. वर्ग पूर्ण न केल्यामुळे मुलाखत द्यावी लागली. ती २०२२ मध्ये झाली आणि त्यात राष्ट्रगीताचे पहिले कडवे म्हणायला सांगितले गेले. आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत प्रत्येक सामन्यानंतर विजयी संघाचे राष्ट्रगीत वाजवले जाते. एप्रिल २०१७ मध्ये कीव्हला युक्रेनला हरवून कोरिया पहिल्यांदाच सर्वोच्च गटात गेला तेव्हा डाल्टन आणि इतर नवे नागरिक हेच कडवे ऐकत ओळीने उभे होते. मी बंद खोलीत तीन परीक्षकांसमोर ते म्हटले, बेसूर, पण शब्द न चुकवता.

अर्ज आणि मुलाखत यांच्यामधल्या दीड वर्षात मी त्या सातजणांविषयी मिळेल ते वाचले, आणि माझा राग हळूहळू उतरला. रडन्स्की २००८ पासून आन्यांगकडून खेळत होता आणि नागरिक झाला २०१३ मध्ये. कायद्याने त्याला सूट दिली असली तरी मोजून पाच वर्षे, माझ्याकडून मागितली तेवढीच, तो येथे राहिलेला होता. डाल्टन २०१४ मध्ये आला आणि २०१६ मध्ये नागरिक झाला. नुसत्या पासपोर्टने त्याला राष्ट्रीय संघात खेळताही आले नसते, कारण नव्या देशाच्या स्पर्धांमध्ये सलग दोन वर्षे खेळल्याशिवाय महासंघ खेळाडूला मान्यता देत नाही, आणि तो आधी दुसऱ्या देशाकडून खेळला असेल तर ही मुदत चार वर्षांची होते. जे दार त्यांच्यासाठी सताड उघडे आहे असे मला वाटत होते, त्याच्या आत दुसरे दार होते.

एक फरक मात्र राहिला. त्यांचे मूळ नागरिकत्व त्यांच्याकडेच राहिले. सर्वसाधारण मार्गाने येणाऱ्याला ते वर्षभरात सोडावे लागते. ‘तू वैज्ञानिक आहेस, मग त्याच विशेष मार्गाने का गेली नाहीस?’ असे मला येथल्या मराठी मंडळींनी अनेकदा विचारले. गेले असते तरी उपयोग नव्हता. भारताच्या नागरिकत्व कायद्यातले ९ वे कलम असे की परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारताचे आपोआप संपते. कोरियाने राखायला परवानगी दिली तरी भारताकडून राखण्यासारखे काही उरत नाही.

शपथविधी २०२२ च्या शेवटी झाला. माझ्या शेजारी व्हिएतनामहून लग्न करून आलेली एक मुलगी होती, तिच्या मांडीवर बाळ होते, आणि राष्ट्रगीत चालू असताना ते रडत होते. चो मिन-हो त्याच वर्षी जूनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला होता, वयाच्या ३५ व्या वर्षी. गांगनुंगचा तो गोल त्या सभागृहात मला का आठवला, सांगता येणार नाही. पुढच्या महिन्यात मी वकिलातीत जाऊन भारतीय पासपोर्ट जमा केला आणि तो रद्द झाल्याच्या शिक्क्यानिशी, प्रमाणपत्रासह, परत मिळाला. आईने फोनवर विचारले, “म्हणजे आता घरी यायला व्हिसा काढणार का?” भारताच्या माजी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड काढले की लागत नाही, असे मी तिला सांगितले. त्या कार्डाच्या अर्जातल्या पहिल्या रकान्यात मी आडनाव लिहिले ते मात्र काळे.