भजनाच्या ॲम्पमधला टिरिक टिरिक : अपडेट ३

भजनासाठी बांधलेल्या ॲम्पबद्दल (ॲम्प्लिफायर, आवाज मोठा करणारा डबा) मागच्या वेळी "एकदम क्लिअर वाजतंय" असं लिहिलं होतं ना, ते वाक्य मागे घेतो. माझ्या घरी क्लिअर वाजत होतं. काकांच्या घरी नेलं आणि पहिल्याच गुरुवारी इज्जत गेली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या ओळखीचे एक पेटीवाले (हार्मोनियमवाले) काका आहेत, सोलापुरात बुधवार पेठेत जुनं माळवदाचं घर, तिथं दर गुरुवारी स्वामींचं भजन असतं, आठ-दहा जण. त्यांच्यासाठी मी टीडीए२०३०ए ह्या ऑडिओ आयसीवर दोन चॅनलचा ॲम्प बांधला, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, प्लायवूडची पेटी, आणि स्पीकर माझ्याच जुन्या म्युझिक सिस्टिममधले आठ इंची. पुढे एक छोटा मिक्सर, त्यात एक माईक हार्मोनियमला आणि एक गाणाऱ्याला. सर्किट आयसीच्या डेटाशीटमधलंच (कंपनीचं माहितीपत्रक), फीडबॅकला २२ के आणि ६८० ओहम, म्हणजे गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) साधारण ३३ पट. नवीन काही शोध लावलेला नाही.

पहिला गुरुवार. आरती चालू आणि मधेच स्पीकरमधून टिरिक टिरिक, टिरिक टिरिक, आणि मग सलग टुर्रर्रर्र. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन सेकंदांनी काकांचा फोन वाजला. बटणवाला जुना फोन, टूजी सिम, आणि तो ठेवलेला कुठं तर बरोब्बर ॲम्पच्या डोक्यावर, उदबत्तीच्या घराशेजारी. आमच्या वयाच्या लोकांना हा आवाज पाठ आहे, घरात टीव्ही किंवा कॉम्प्युटरचे स्पीकर कुरकुरले की आई म्हणायची "कुणाचा तरी फोन येतोय बघ", आणि यायचाच. मला वाटलेलं हे प्रकरण आता संपलं. फोरजी आल्यापासून ऐकलाच नव्हता.

काकांचा कान बघा मात्र. भजन संपल्यावर हार्मोनियमवर बोट ठेवून म्हणले, "तुझ्या डब्यातला सूर पांढरी सहाच्या थोडा खाली आहे रे, बेसूर वाजतंय." घरी येऊन हिशोब केला तर खरंच की! जीएसएममध्ये (टूजी फोनची पद्धत) एका चॅनलवर आठ जण आळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला ५७७ मायक्रोसेकंदाचा तुकडा, आणि आपला नंबर परत यायला ४.६१५ मिलिसेकंद. म्हणजे फोनचा ट्रान्समीटर सेकंदाला जवळपास २१७ वेळा चालू-बंद होतो. पांढरी सहा खालच्या सप्तकात २२० हर्ट्झ. मी ऑसिलोस्कोप नाही म्हणून रडत बसलेलो आणि काकांनी पेटीवर मोजून दिलं.

आणि सुरुवातीचा तो तुटक टिरिक टिरिक, तो वेगळा भाग असतो. टॉवरनं हाक मारली की फोन आधी नुसती कागदपत्रं करतो, तेव्हा चार-चार ठोक्यांचे झुबके जातात, साधारण २३५ मिलिसेकंदाला एक झुबका, म्हणजे सेकंदाला चारच्या आसपास. बोलणं चालू झालं की मग सलग टुर्रर्र. म्हणून रिंगच्या आधी आवाज येतो, फोनला कळलेलं असतं, घंटी नंतर वाजते.

शनिवार-रविवार, घरी. ॲम्प परत आणला. माझा फोन वर ठेवला, कॉल लावला, काही नाही. बायकोचा ठेवला, काही नाही. म्हणलं काकांच्या घराचं वायरिंगच बाद असेल. तासभर वाया घालवल्यावर डोक्यात आलं की अरे, आमचे दोघांचे फोन फोरजीवर आहेत, त्यांचं ट्रान्समिशन असं २१७ च्या ठोक्यात तुटत नाही, मग आवाज कसला येणार. जिओला तर टूजी नाहीच. मग दुकानातल्या पोराचा बटणवाला फोन मागून आणला ("काय करताय बे त्याचं?" हे ऐकून घेतलं).

त्यानं आवाज आला, पण मजा अशी की सुरुवातीला जोरात टिरिक आणि कॉल लागल्यावर हळूहळू बारीक होत जवळजवळ गायब. काकांकडे मात्र शेवटपर्यंत ठणठणीत. ह्याचं कारण कळलं तेव्हा लई बरं वाटलं. फोन पहिली हाक देतो तेव्हा टॉवरनं परवानगी दिलेल्या पूर्ण ताकदीनं देतो, नंतर टॉवर त्याला सांगतो की बाबा हळू बोल, ऐकू येतंय. ९०० मेगाहर्ट्झला हँडसेटची ताकद २ वॉटपासून पायरी पायरीनं पार ३ मिलिवॉटपर्यंत उतरते. मी जुळे सोलापुरात राहतो, टॉवर गच्चीवरून दिसतो. काकांच्या घराच्या भिंती दोन-दोन हात जाड, वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीला आत गारेगार असतं आणि फोनला रेंजची एकच कांडी. तो बिचारा पूर्ण २ वॉटनं ओरडत बसतो. म्हणजे टेस्टिंग करायचं तर काकांच्याच घरी.

पुढचे तीन आठवडे, चुकांची यादी म्हणा. मी धरून चाललो की आवाज इनपुटमधून येतोय. मिक्सरची वायर आहे, माईकची लांब वायर आहे, तिथूनच येणार ना. चांगली शिल्डेड वायर घातली, फरक शून्य. मग ॲम्पच्या पेटीला आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल चिकटवली, ग्राउंडला जोडली, बायकोचा अख्खा रोल संपला, फरक इतकाच की उघडायचं झालं की फॉईल फाटते. मग वाचलं की इनपुटला छोटा कपॅसिटर लावतात, तर आयसीच्या पिन १ च्या (इनपुट) आधी १ के आणि ग्राउंडला १०० पीएफची (पिकोफॅरड) डिस्क लावली. थोडा फरक पडल्यासारखं वाटलं, पण एवढी खटपट केल्यावर वाटतंच.

खरं तर एक साधी टेस्ट पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होती. व्हॉल्यूम शून्य करा. मी तिसऱ्या आठवड्यात केली, तीही चुकून, काकूंनी चहा आणला म्हणून आवाज बंद केला आणि तेवढ्यात फोन आला. व्हॉल्यूम शून्य आणि टुर्रर्र तितकाच! मिक्सरची पिन उपटली, तरी तितकाच. म्हणजे आवाज व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात शिरतोय आणि मी तीन आठवडे मागच्या दाराला कुलूप लावत बसलेलो.

पुढं काय उरतं? सप्लायची वायर आणि स्पीकरची वायर. एका चॅनलची स्पीकर वायर काढली, तिथं वीतभर वायरीवर एक छोटा स्पीकर थेट टर्मिनलला लावला, फोन वर ठेवून मिस कॉल मारला. शांत! दुसऱ्या चॅनलला जुनीच तीन मीटरची लोंबती वायर, तो नेहमीसारखा ओरडतोय. एकाच पेटीत, एकाच फोनखाली.

आउटपुटमधून आत कसं येतं हे पटायला मला वेळ लागला. स्पीकरची वायर म्हणजे आयता अँटेना, ९०० ला पाव वेव्हलेंग्थ जेमतेम ८ सेंटिमीटर, तेवढी वायर तर पेटीच्या आतच असते. आपण म्हणतो आउटपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) अगदी कमी, तिथं काय चिकटणार, पण तो कमी असतो ऑडिओला. डेटाशीटमध्ये आयसीची पॉवर बँडविड्थ १०० किलोहर्ट्झ दिलेली आहे, ९०० मेगाहर्ट्झला तो आयसी म्हणजे नुसता दगड, काही आवरत नाही. मग ते आरएफ (फोनच्या रेडिओ लहरी) पिन ४ वरून, म्हणजे आउटपुटवरून, फीडबॅकच्या वाटेनं पिन २ ला, म्हणजे सरळ इनपुटच्या ट्रान्झिस्टरवर. तिथलं जंक्शन जुन्या क्रिस्टल रेडिओतल्या डायोडचं काम करतं, ९०० मेगाहर्ट्झ टाकून देतं आणि त्याच्यावरची २१७ ची चालू-बंद तेवढी ठेवतं. पुढं ३३ पट गेन आपणच दिलेला आहे.

उपाय, आणि एक भाजलेलं बोट. उत्साहात स्पीकर टर्मिनलवर सरळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठोकला. एका मिनिटात हीटसिंक इतका गरम की बोट टेकवलं आणि चटका बसला, गाणं नाही काही नाही, नुसता बसल्या जागी तापतोय. आयसी ऑसिलेट व्हायला लागला होता, म्हणजे इनपुट नसताना आपला आपणच सिग्नल तयार करत होता. तिथं डेटाशीटमध्ये ०.२२ मायक्रोफॅरडच्या सिरीजमध्ये १ ओहम उगाच दिलेला नाही हो. आउटपुटला नुसता कपॅसिटर लावू नका, हे ठळक अक्षरात वाचा. आयसी वाचला, थर्मल शटडाऊनची कृपा, निदान हा तरी ओरिजिनल निघाला.

मग फेराइट (जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल अडवणारा चुंबकी पदार्थ). मेलेल्या जुन्या मॉनिटरच्या केबलवर तो काळा गोळा असतो ना, प्लॅस्टिक कापलं की आत फेराइटची नळी मिळते. अशा दोन नळ्या काढल्या, एक पक्कडीत फुटली, नव्या पेठेतल्या दुकानातून क्लिपवाली एक आणली. स्पीकरच्या दोन्ही वायरी एकत्र नळीतून दोनदा ओवल्या, पेटीच्या आत, टर्मिनलला अगदी चिकटून. आधी हौसेनं सहा वेढे घेतलेले, पण एवढ्या फ्रिक्वेन्सीला वेढे एकमेकांना लागून कपॅसिटरसारखे वागतात आणि आरएफ वरून उडी मारून जातं, दोनच बरे पडले.

आवाज नव्वद टक्के गेला (कानाचा हिशोब, मीटर नाही). उरलेल्यासाठी ती १०० पीएफची डिस्क काढून बघितली. तिचे पाय मी दोन्ही बाजूला सेंटिमीटरभर तसेच ठेवलेले, आणि इथंच गोम होती. वायरचा एक मिलिमीटर म्हणजे ढोबळमानानं एक नॅनोहेन्री इंडक्टन्स (कॉईलपणा). दहा मिलिमीटर जरी धरले तरी १०० पीएफ सोबत रेझोनन्स १६० मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याच्या वर तो कपॅसिटर राहतच नाही, कॉईल होतो. मोबाईलच्या बोर्डवर माईकपाशी ३३ पीएफचे चिमुकले एसएमडी कपॅसिटर (बिनपायाचे, थेट बोर्डवर चिकटणारे) का लावतात ते आता कळलं, त्यांची स्वतःची इंडक्टन्स १ नॅनोहेन्रीच्या घरात, की रेझोनन्स बरोब्बर ९०० च्या जवळ पडतो, आणि तिथं तो जवळजवळ शॉर्टच. ह्या कपॅसिटरवर आकडे छापलेले नसतात म्हणून भंगार बोर्डावरचे सात-आठ काढून कॉम्पोनंट टेस्टरवर एकेक मोजले, भिंग डोळ्याला लावून, पंखा बंद करून, कारण पहिला जो उडाला तो अजून सापडलेला नाही. दोन ३३ चे निघाले. एक लावला सर्किटच्या पट्टीच्या मागच्या बाजूनं थेट पिन १ आणि ग्राउंडच्या कॉपरवर, पायच नाहीत.

कालचा गुरुवार. फोन मुद्दाम ॲम्पच्या पेटीवरच ठेवू दिला. तीन कॉल आले. स्पीकरला कान लावला तर एकदम बारीक टिक, समोर बसलेल्याला काही नाही. फोन नुसता चार फूट लांब ठेवला असता तरी बरंचसं काम झालं असतं हे मला माहीत आहे, ते जंक्शन स्क्वेअर लॉनं (सिग्नलच्या वर्गाच्या हिशोबानं) वागतं, एका फुटावरून चार फुटांवर नेला की आवाज सोळावा हिस्सा. हे फुकटचं औषध काकांना पहिल्या दिवशी सांगितलेलं. "मग मला ऐकू कसा येईल?" हे उत्तर मिळालेलं.

आणि आता ऐका. पहिल्या गुरुवारनंतर भजनात काका रिंगचा आवाज बंद ठेवतात, आणि स्पीकरमधला टिरिक टिरिक ऐकून त्यांना कळायचं की फोन आलाय. काल त्यांच्या मुलीचे तीन मिस कॉल पडले. "पूर्वी बरं होतं रे, डब्बा सांगत होता," म्हणतात.

उजव्या चॅनलला ३३ पीएफ लागला, डाव्याचा अजून बाकी आहे, दुसरा तुकडा टेपवर चिकटवून ठेवलाय. शिवाय त्या खोलीतला नवा एलईडी बल्ब लावला की काकांच्या रेडिओवर आकाशवाणी सांगलीला (१२५१ किलोहर्ट्झ) नुसतं घर्रर्र येतं आणि बल्ब बंद केला की निवेदक लख्ख, तो बल्बमधल्या ड्रायव्हरचा कचरा आहे, ह्याचा २१७ शी काही संबंध नाही. तो बल्ब उघडून बसलोय, आत मेन्सला फिल्टर नावाची चीजच नाही. कुणी छोटी कॉमन मोड चोक (असा कचरा अडवणारी जोड-कॉईल) बसवून बघितली असेल तर कुठल्या मापाची ते कळवा.