एकच प्रथिन, दोन केएम

त्या दिवशी लॅब मीटिंगमध्ये आमच्या दोघा पीएचडी विद्यार्थ्यांची चांगलीच जुंपली. प्रथिन एकच, तांबड्या रक्तपेशीत ग्लुकोज नेणारं ग्लट-१. साखरही एकच, ३-ओ-मिथाइलग्लुकोज, कारण पेशीत शिरल्यावर तिला हेक्सोकायनेज हे एन्झाइम हात लावत नाही. तापमान २० अंश. तरी केएम, म्हणजे कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठायला लागणारी साखरेची पातळी, विद्यार्थिनीचा २ मिलिमोलरच्या आत आणि विद्यार्थ्याचा २५च्या आसपास! "तुझ्या पेशी जुन्या असतील", "तुझं स्टॉप सोल्युशन गार नसेल" असं सुरू झालं.

मी दोघांच्या वह्या मागून घेतल्या. साखरेची ने-आण थांबवणारं बर्फातलं फ्लोरेटिनचं द्रावण (हेच स्टॉप सोल्युशन), पर्क्लोरिक आम्लाने साकळवलेलं हिमोग्लोबिन, वरची निवळ काढून केलेली मोजणी, सगळं चोख होतं. फरक पेशींच्या तयारीत होता. तिने धुऊन धुऊन पेशींतली साखर काढून टाकली होती. त्याने पेशी आधी साखरेत ठेवून आतबाहेर पातळी सारखी केली होती आणि फक्त किरणोत्सारी साखर आत जाताना मोजली होती.

मेख तिथेच होती. ग्लट-१ आत साखर सोडतं आणि पुन्हा बाहेर तोंड करतं. आत साखर नसेल तर त्याला रिकामंच वळावं लागतं, आणि हे रिकामं वळणं संथ असतं. बाहेर थोडी साखर असली तरी प्रथिनाचे बहुतेक रेणू आतल्या बाजूला तोंड करून अडकून राहतात. मग साखर कितीही वाढवा, वेग फारसा वाढत नाही. कमाल वेग कमी, केएमही लहान. आत साखर असली की प्रथिन ती घेऊन झटकन वळतं, आणि कमाल वेगाबरोबर केएमही चढतो. साखरेशी बांधलं जाण्याची ओढ मात्र दोन्हीकडे तीच!

दोघांचे आलेख मी एकावर एक ठेवले. अगदी कमी साखरेकडचा चढ जवळजवळ जुळला. कमाल वेग भागिले केएम दोघांचं सारखं येत होतं, शरीरक्रियाशास्त्रज्ञ विडासने १९५२मध्ये मांडलेल्या वाहक-प्रतिमानातून (वाहक प्रथिनाच्या गणिती मॉडेलमधून) निघतं तसंच. ते पाहून मला फार आनंद झाला. दोघांची मेहनत खरी ठरली होती.

"केएम लहान म्हणजे ओढ जास्त" हे वाक्य एन्झाइमच्या धड्यापासून डोक्यात बसतं. एन्झाइमलाही ते सरसकट लागू नाही. वाहक प्रथिनाच्या बाबतीत तर रिकाम्या परतीचा वेगही केएममध्ये मिसळलेला असतो.

प्रबंधाच्या तक्त्यातला 'ॲफिनिटी' (म्हणजे ओढ) हा रकाना त्याच दुपारी काढला. आता तिथे दोन केएम वेगवेगळे आहेत, प्रत्येकापुढे आतली साखर आणि तापमान लिहिलेलं. ओढ मोजायला ग्लट-१ला चिकटणाऱ्या सायटोकॅलासिन-बी या रसायनाचे बंधन-प्रयोग वेगळे लावलेत.