पाडव्याआधी पायांचा महिना

माहेर कोल्हापूरचं आणि सासर रत्नागिरीकडचं, त्यामुळे ऊन तापायला लागलं की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "कोल्हापुरी घालायचीय, पण टाचांच्या भेगा बघवत नाहीत. तुम्ही काय करता?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आदल्या रात्री काहीही चोळून उपयोग होत नाही. मी महाशिवरात्रीच्या सुमाराला सुरुवात करते, म्हणजे पाडव्यापर्यंत पाय तयार होतात. टाचेच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. थंडीत ती कोरडी पडते, जाड होते. बुटात टाच मागून धरलेली असते, चप्पल मात्र मागून उघडी. वजन पडलं की टाचेची गादी बाजूंना पसरते आणि कडेची कडक कातडी ताणून फाटते. म्हणजे चपलेच्या दिवसांत भेगा नुसत्या दिसत नाहीत, वाढतातही. दिसण्यापेक्षा मला काळजी त्याचीच जास्त. भेग खोल गेली की पाऊल टाकवत नाही.

रात्री दहाएक मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं. कढत पाणी नको, त्याने कातडी आणखी सुकते. मग ओल्या टाचेवर वज्री, म्हणजे पाय घासायची खरखरीत घासणी, फिरवायची, तीही हलक्या हाताने आणि आठवड्यातून एक-दोनदाच. ब्लेडने कातडी तासणाऱ्या बायका पाहिल्या की माझा जीव खालीवर होतो. कृपा करून तसं करू नका. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि टाच अजून दमट असतानाच कोकमतेल लावायचं.

हे तेल आमच्याकडे अजून घरी काढतात. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारं तेल निवलं की थिजतं, मग ते हाताने दाबून त्याचे लांबट मुटके वळायचे. मुटका दगडासारखा घट्ट असतो. सुरीने जरासा खरवडायचा, पळीत पातळ करायचा आणि सोसवेल इतपत गरम असताना बोटाने भेगेत भरायचा. थोड्याच वेळात तो तिथेच पांढरट थिजतो. वरून सुती मोजे घालून झोपायचं. कोकमतेल मिळालं नाही तर औषधाच्या दुकानातलं युरियाचं क्रीम चांगलं काम करतं. फक्त उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर ते झोंबतं.

मधुमेह असेल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग पाणी पोळलेलं किंवा वज्री लागलेली कळत नाही. भेग दिसली की डॉक्टरांना दाखवा. अशा पायांना कडक तळाची, अंगठ्याची चप्पल मी कधीच सुचवत नाही.

पायांबरोबर चप्पलही तयार करावी लागते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं सुरुवातीला ताठ असतं. चपलेच्या पट्ट्याला आणि पायाचा अंगठा अडकवायच्या वादीला आतून एरंडेलाचं बोट फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं. पहिले काही दिवस घरातल्या घरात तासभर घालायची. अंगठ्याच्या मुळाशी लाल झालं तर लगेच काढायची, फोड येण्याची वाट बघायची नाही. मात्र हे खऱ्या कातड्याच्या चपलेचं झालं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्या नावाखाली रेक्झिनच्या चपला सर्रास विकल्या जातात. रेक्झिनमध्ये तेल मुरत नाही, ती चावायची ती चावतेच.

नवी घ्यायची असेल तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून दुकानात चार पावलं चाला. टाच तळाच्या बाहेर येत असेल तर तो जोड कितीही आवडला तरी घेऊ नका. नेमक्या त्या कडेलाच पुन्हा भेग पडते.