पोरांना घेऊन गिरगाव ते केनेडी ब्रिज

हेरिटेज वॉक म्हटलं की आमच्या पोरांची तोंडं वाकडी होतात. त्यामुळे यावेळी गाईडबिईड काही नको म्हटलं, चर्नी रोडला उतरलो आणि सरळ गिरगावात घुसलो.

सुरुवात मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरपासून, म्हणजे जिथे आधी मॅजेस्टिक टॉकीज होतं. १४ मार्च १९३१ ला इथे 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट, आणि गर्दी एवढी की पोलीस बोलवावे लागले, चार आण्याचं तिकीट चार-पाच रुपयांना ब्लॅकने गेलं म्हणे. ब्लॅकचा किस्सा मुलाला फारच आवडला. लेक म्हणाली यूट्यूबवर लाव ना. आता काय लावणार, त्याची एकही कॉपी शिल्लक नाही, गाणी पण गेली. "कुणीच सेव्ह नाही केली?" यावर मी गप्प.

ऑपेरा हाऊस बाहेरून बघून मुलांना काही कळत नाही आणि शो असल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून दुपारच्या एका कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जने उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम पुरं पण झालं नव्हतं (ही पद्धत जुनीच दिसते). बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर इथे गायलेत, १९९३ ला बंद पडलं ते थेट २०१६ ला उघडलं. पोरांचं लक्ष मात्र बाजूच्या बॉक्समध्येच, तिथे बसायला कोण यायचं, राजा का, तिथून नीट दिसतं का. दिसत असेल नसेल, पण ऐकू नक्की यायचं, हॉलची रचनाच तशी केलीय की स्टेजवरचा आवाज पार मागपर्यंत पोचावा.

पण खरी मजा केनेडी ब्रिजवर आली. आलम आराचं शूटिंग इथेच जवळच्या स्टुडिओत झालं, शेजारी रेल्वेलाईन, दिवसभर गाड्यांचा खडखडाट, त्यामुळे रात्री एक ते चार शूटिंग करायचे, माईक लपवून, वाजवणारे पण कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून आडोशाला. मी हे सांगत होते तेवढ्यात खालून फास्ट लोकल गेली आणि माझं अर्धं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही! मुलगा म्हणाला, "हां, म्हणून रात्री." झालं, मला वेगळं काही समजवावंच लागलं नाही.

याच भागात गाण्या-नाचाच्या मैफलींचे कोठे होते, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, त्यांचे सारंगिये, तबलजी. लहान मुलांसमोर हे बोलायचं की नाही असा प्रश्न पडतो खरा, पण ते गाळून या भागाची गोष्ट अर्धवटच राहते. शिवाय जवळच फ्रेंच ब्रिजच्या बाजूला प्रोफेसर देवधरांचा गाण्याचा क्लास, १९२५ चा, कुमार गंधर्व तिथे शिकले. म्हणजे घरंदाज लोकांचं गाणं आणि कोठ्यावरचं गाणं एवढं जवळजवळ. मी एवढंच सांगितलं की या बायका उत्तम गायच्या आणि लोक त्यांचं गाणं ऐकायला जायचे पण त्यांना मान द्यायचे नाहीत. लेक म्हणाली हे चीटिंग आहे. बरोबर आहे तिचं.

जाणार असाल तर उलटंही करता येतं, सकाळी ग्रँट रोडला उतरा आणि मग चालत गिरगावात या.