भाऊजी, तो नुसता स्विच आहे

पौषात बोडगेश्वराच्या जत्रेला म्हापशाला यायचं, तर वूस्टरचं घर ऐन थंडीत बंद ठेवावं लागतं. बंद, पण थंड नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारीत बाहेर पारा शून्याच्या बराच खाली असतो आणि आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतींलगत तांब्याच्या नळ्यांतून पाणी फिरतं. बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, तांबं बिचारं तेवढं कुठून फुगणार? नळी फुटते, आणि बर्फ वितळला की घरात पाणी. म्हणून घरात कोणी नसलं तरी थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान राखणारं भिंतीवरचं यंत्र, ५५ अंश फॅरेनहाइटवर ठेवतो, आपले साधारण १३, आणि गोव्यात बसून मोबाइलवर बघत राहतो.

आमचे भाऊजी वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. हा थर्मोस्टॅट चालतो कसा, असं त्यांनी विचारलं; ‘वायफायवर चालतं’ हे उत्तर त्यांना चालत नाही. “वायफाय राहू दे. वायर कुठून निघते, कुठे जाते ते सांग.” मग बाल्कांवात बसून जुन्या पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकृती काढली.

तळघरात बॉयलर. आपल्या न्हाणीतलं पाणी तापवायचं भाणच, फक्त लाकडांऐवजी तेलावर पेटणारं, आणि पाणी अंगावर न घेता पंपाने घरभर फिरवायचं. घराचे दोन वेगळे भाग, म्हणजे झोन: खाली हॉलची एक झोन, वर झोपायच्या खोल्यांची दुसरी. प्रत्येक झोनच्या नळीवर एक झोन व्हाल्व्ह, त्याच्या डोक्यावर छोटी मोटर. ही मोटर २४ व्होल्टवर चालते. तिथली घरातली वीज १२० व्होल्टची, ती ट्रान्सफॉर्मर उतरवून देतो.

थर्मोस्टॅट कितीही हुशार असला तरी व्हाल्व्हसाठी तो नुसता स्विच. ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाची तार थर्मोस्टॅटच्या आर (R) टर्मिनलला, डब्ल्यू (W) टर्मिनलमधून निघून व्हाल्व्हच्या मोटरला, मोटरमधून ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला. गारठा वाढला की आर आणि डब्ल्यू आत जोडले जातात, मोटर फिरते, व्हाल्व्ह उघडतो. भाऊजी म्हणाले, “हे तर बेलचं सर्किट.” बरोबर.

पूर्वी भिंतीवर गोल थर्मोस्टॅट होता, हनीवेल कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेला तो प्रकार. आत काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब. गारठ्याने धातूची गुंडाळी वळायची, नळी कलंडायची, पारा दोन तारा जोडायचा. त्याला स्वतःसाठी वीज लागायचीच नाही, म्हणून जुन्या घरांच्या भिंतीत दोनच तारा. नव्याला मात्र पडदा आणि वायफाय सांभाळायला सतत वीज हवी. तिसरी तार नसेल तर तो व्हाल्व्हच्याच मोटरमधून गुपचूप थोडी वीज ओढतो. मग व्हाल्व्ह गुणगुणतो, नाहीतर थर्मोस्टॅटची बॅटरी उतरते. म्हणून तिसरी, सी (C) तार, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकावरून सरळ थर्मोस्टॅटला. त्यासाठी तळघरातून १८ गेज जाडीची, पाच तारांची नवी केबल ओढली. सगळ्या कामात वेळखाऊ काही असेल तर हेच.

खरी गोम पुढे आहे. व्हाल्व्ह पूर्ण उघडला की त्याच्यातला एंड स्विच जोडला जातो आणि बॉयलरला कळवतो: पेट, पंप सुरू कर. हे दुसरं सर्किट. हा निरोप बॉयलरच्या ज्या टी-टी टर्मिनलवर पोचतो, तिथे बहुधा त्याचा स्वतःचा २४ व्होल्ट असतो, तो आपल्या ट्रान्सफॉर्मरला भिडता कामा नये. हनीवेलच्या चार तारांच्या व्हाल्व्हमध्ये हे सोपं: दोन पिवळ्या मोटरच्या, दोन लाल एंड स्विचच्या. टॅको कंपनीच्या जुन्या व्हाल्व्हला तीनच टर्मिनल, मधलं दोन्हींना सामायिक. तिथे मध्ये रिले, म्हणजे एका सर्किटच्या विजेवर दुसरं सर्किट जोडणारा स्विच, घालणंच शहाणपणाचं. शिवाय त्याची मोटर तापून उघडते, ०.९ अँपिअर घेते, हनीवेलची ०.३२. ट्रान्सफॉर्मर ४० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) असेल तर एका ट्रान्सफॉर्मरवर किती व्हाल्व्ह टाकायचे हा हिशेब आधी करावा.

रंगांवरून मात्र भाऊजी चक्रावले. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. तिकडे काळी म्हणजे जिवंत, आणि न्यूट्रल पांढरी. त्यात थर्मोस्टॅटच्या केबलमधली पांढरी न्यूट्रल नाहीच, ती डब्ल्यूची! आपल्याकडचा मुरलेला वायरमनही तिथे रंगाच्या भरवशावर हात घालील तर फसेल. मेन स्विच पाडा, मीटर लावून बघा, मगच पकड उचला.

बिल किती वाचतं, हे सगळेच विचारतात. माझ्या मते गरम पाण्याच्या घरात फार आशा धरू नये. पाणी सावकाश तापतं; रात्री तापमान फार उतरवलं तर सकाळी खोली ऊबदार व्हायला तासन्‌तास जातात. पैसे घातले ते तापमान ४५ फॅरेनहाइटच्या खाली गेलं की मोबाइल वाजतो, त्यासाठी.

“आणि लाइट गेली तर?” लाइनमनचाच प्रश्न. लाइट गेली तर बर्नर बंद, पंप बंद, वायफायही बंद. मोबाइलवर फक्त ‘ऑफलाइन’ दिसतं. मग शेजाऱ्यांना फोन करायचा. घराची किल्ली त्यांच्याकडे असते आणि नळ्यांतलं पाणी कुठून सोडायचं ते त्यांना दाखवून ठेवलंय.