युद्धातली रायफल, पण 'थोडी बदललेली'

"आजोबांची युद्धातली खरी रायफल आहे. शिकारीसाठी थोडी बदलून घेतली होती. किती येतील?"

हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदाचं लिहूनच टाकतो. विचारणाऱ्याचा सगळा जोर 'युद्धातली' या शब्दावर असतो. माझे कान टवकारतात ते 'थोडी' ऐकून.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्यांना नकोशा झालेल्या रायफली भंगाराच्या भावात बाजारात आल्या. अमेरिकेत तर जाहिरात बघून टपालाने मागवता येत. केनेडींवर झाडलेली इटालियन कारकानो १९६३ साली अशीच आली होती, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला. १९६८ च्या कायद्याने हा टपालधंदा थांबवला. तोवर घरोघरी करवती चालून गेल्या होत्या: जड लाकडी दस्ता कापायचा, संगिनीची कडी उडवायची, बोल्टचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या खिट्टीचा) दांडा खाली वाकवायचा, वर दुर्बीण बसवायची. त्यांना हरणं मारायची होती, संग्रहालय काढायचं नव्हतं. मला त्यांचा राग येत नाही. पण किंमत तिथेच कापली गेली, हे मात्र खरं.

तर मी काय बघतो? बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री केली की आधी टेप. बोल्ट बंद करून नळीच्या तोंडातून काठी आत सोडायची, टेकली की खूण करायची, बाहेर काढून मोजायची. जर्मन के-९८केची नळी ६० सेंटिमीटर, स्प्रिंगफील्ड १९०३ ची २४ इंच, ली-एनफील्ड नंबर ४ ची २५ इंचांहून किंचित जास्त. माप कमी भरलं तर नळी कापलेली आहे, आणि कापलेली नळी काही वाढत नाही.

त्याहून वाईट म्हणजे रिसीव्हरवरची, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो त्या नळीमागच्या लोखंडी सांगाड्यावरची भोकं. दुर्बिणीचा माउंट (बैठकीची पट्टी) बसवायला ड्रिल मारून आटे पाडलेले असतात. वेल्डिंगने बुजवली, वरून ब्ल्यूइंग (लोखंडाला काळा-निळा रंग चढवणं) केलं, तरी तिरप्या उजेडात डाग दिसतोच. एकदा एक जपानी अरिसाका टाइप ९९ हातात आली. या रायफलींवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं राजचिन्ह असतं. शरणागतीनंतर बहुतेकांवरचं ते घासून काढलं गेलं, म्हणून शाबूत फूल दिसलं की संग्राहक खिशात हात घालतात. हिच्यावर फूल शाबूत होतं आणि ड्रिल नेमकं पाकळ्यांच्या मधोमध उतरलेलं. मालक म्हणाला, "एवढंसं तर भोक आहे." मी गप्प बसलो.

फक्त लाकूड कापलं असेल तर जीव भांड्यात पडतो. जुना दस्ता, पट्ट्या, स्क्रू शोधून रायफल मूळ रूपात आणता येते. पण आधी हिशोब करा. सुट्या भागांचा खर्च बऱ्याचदा वाढलेल्या किमतीच्या पुढे जातो. शिवाय के-९८केच्या बारीकसारीक भागांवर, अगदी स्क्रूंवरही, त्या रायफलीच्या नंबराचे आकडे असतात. बाहेरून आणलेला दस्ता त्यांच्याशी जुळणार नाही. अशी रायफल 'मूळ' म्हणून विकणं म्हणजे सरळ फसवणूक.

उलटंही घडतं. ग्रिफिन अँड होव या न्यूयॉर्कच्या कारखान्याने स्प्रिंगफील्डवर बांधलेल्या शिकारी रायफलींची किंमत त्या बदलांमुळेच असते. कारागिराचा हात चांगला होता का, ते लाकूड आणि लोखंड भेटतं तिथे बघा. पोस्टकार्डही शिरणार नाही इतकी घट्ट बैठक असेल, दस्त्यावर पकडीसाठी कोरलेल्या चौकड्या टोकदार असतील, तर कुणी केलंय ते शोधून काढा. घाई नको.

आणि एक गोष्ट किमतीची नाही, जिवाची आहे. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या १९०३ मॉडेलवर ८,००,००० च्या आतला नंबर असेल, किंवा रॉक आयलंड कारखान्याच्या त्याच मॉडेलवर २,८५,५०७ च्या आतला, तर ती झाडू नका. त्या काळच्या उष्णताप्रक्रियेत काही रिसीव्हर ठिसूळ झाले आणि फुटलेही. नळी बदललेली किंवा रायफल दुसऱ्या काडतुसासाठी बदललेली असेल तर जाणत्या कारागिराकडून हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) तपासल्याशिवाय गोळी भरूच नका.

राहिला भाव. लिलावात अस्सल रायफलीला मिळालेला आकडा डोक्यातून काढून टाका. भोकं पडलेली, नळी कापलेली रायफल त्याच काडतुसाच्या जुन्या शिकारी रायफलीशीच तोलायची, आणि बहुतेकदा ती तिच्याही खालीच भरते. नळी आतून गंजाने खाल्लेली असेल तर आणखी खाली. युद्धकाळातल्या बऱ्याच काडतुसांचा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) गंज आणणारा असे, आणि झाडून झाल्यावर नळी धुवायचा कंटाळा माणसाला सगळीकडे सारखाच.

म्हणून मला फोटो पाठवताना भिंतीला टेकवलेल्या अख्ख्या रायफलीचा नको. नळीचं तोंड, बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा नंबर, सगळे शिक्के, आणि रिसीव्हरचा वरून काढलेला फोटो हवा. दुर्बीण माउंटसकट उतरवून.